पादचारी : निरंक

बांधकामाच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. साइटवरून परतताना चपलेला मुरूम लागतो, तसे ते लागून येतात. कितीही झाडा, थोडे उरतातच. त्यात मी एका जागी न बसणारी बाई. आमचे डेप्युटी साहेब नेहमी विचारतात, "मॅडम, तुमच्या खुर्चीला खिळे आहेत का?" खिळे नाहीत हो, पण समोर काम पडलेलं दिसलं की मला बसवतच नाही!

ऑफिस नाशिक जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावी. कुठला तालुका ते विचारू नका, बदल्यांचा सीझन आहे. मी तिथं ज्युनियर इंजिनिअर. आणि हे सगळे किस्से एकाच कामाचे. मळ्यातल्या वस्तीपासून हायस्कूलच्या गावापर्यंत डांबरी रस्त्याच्या कडेनं एक वाट करायची होती. फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. बास, एवढंच काम. पण आमच्याकडं चार पदरी हायवे सोपा, पायवाट अवघड!

*

आधी त्या रस्त्यावरची रहदारी मोजायची होती. एका माणसाला टपरीवर बसवलं. त्यानं ट्रक मोजले, ट्रॅक्टर मोजले, द्राक्षाचे पिकअप मोजले, दुधवाल्यांच्या मोटारसायकलीसुद्धा मोजल्या. आणि खाली लिहिलं, 'पादचारी : निरंक.'

मी उडालेच! "अरे बाबा, सकाळी एवढी माणसं चालत जातात, बाया मजुरीला जातात, पोरं शाळेत जातात. दिसली नाहीत?"

"दिसली ना."

"मग लिहिली का नाहीत?"

तो माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागला, की जणू मीच खुळी. म्हणाला, "मॅडम, ती कुठं ट्रॅफिक हाय? ती तर आपली गावातली माणसं हायेत!"

डेप्युटी साहेबांनी तो कागद पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. "चालणारं कुणीच नाही, तर वाट कुणासाठी करायची मॅडम?" माझं डोकं असलं तापलं! तडक उठले आणि वस्तीवर गेले.

*

वस्तीवर पहिलंच घर देवरामभाऊंचं. ओसरीत नवीकोरी सायकल उभी. सरकारी योजनेतून त्यांच्या पल्लवीला मिळालेली. सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं आणि हँडलवर टॉवेल वाळत घातलेला. पल्लवी सातवीतली. वस्तीची शाळा सातवीपर्यंतच, पुढं हायस्कूल.

"भाऊ, जूनपासून पोरगी सायकलवर जाणार ना?" मी विचारलं.

देवरामभाऊ म्हणाले, "ट्रक कसे पळतात ते बघितलं का मॅडम? वळणावर समोरचं काय बी दिसत नाय. पोरगी शिकली नाय तरी चालंल, पण जित्ती राहिली पायजे."

पल्लवी दाराआड उभी होती. ती पुढं आली आणि हँडलवरच्या टॉवेलाची घडी घालत राहिली.

"वेगळी वाट करा," भाऊ म्हणाले. "शाळा उघडायच्या आत करा, मी सोताच्या हातानं धाडतो. नाय तर मळ्यात लय काम पडलंय."

त्या दिवसापासून मला झोप गोड लागेना. एका बापाला शब्द देऊन आले होते ना! 

*

मग साहेबांना जागेवर नेलं. ते जीपमधून उतरेनात. "काचेतून दिसतंय की सगळं!"

"साहेब, चालण्याची वाट आहे. चालून बघायला नको का?"

कसेबसे उतरले. जीप मी मुद्दाम पुढं पाठवून दिली. शंभर पावलं गेलो नसू, एक मोटारसायकल थांबली. "साहेब, गाडी बंद पडली का? बसा, सोडतो." त्याला कसंबसं पटवून पुढं लावलं, तर ट्रॅक्टरवाला थांबला. मग एक म्हातारे बैलगाडी थांबवून उतरले आणि "साहेबावर ही काय येळ आली" म्हणत जागा करून द्यायला लागले. आमच्या भागात साहेब पायी दिसला म्हणजे काही तरी वाईटच झालं असणार!

शेवटी साहेब लाजले आणि एकाच्या मागं बसले. चालण्याच्या वाटेची पाहणी मोटारसायकलवरून झाली. मी मागून तरातरा चालत गेले. पण त्या वळणावर एक ट्रक त्यांना असा काही घासून गेला, की साहेब उतरले ते पांढरेफटक. त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, "मॅडम, प्रस्ताव आजच तयार करा."

*

ग्रामसभेत एकाचाही विरोध नव्हता. खोटं नाही सांगत! रस्त्याच्या डाव्या अंगाचे शेतकरी उठले आणि म्हणाले, "लय चांगलं काम हाय, जरूर करा. फक्त उजव्या अंगानं न्या." उजव्या अंगाचे उठले. "आमचा बी पाठिंबा हाय. फक्त डाव्या अंगानं न्या."

तासभर हेच. मी खुर्चीत चुळबुळ करत होते. अखेर सरपंच सुमनताई पदर खोचून उठल्या. "आता ती वाट काय इजेच्या तारंवरून नेऊ का? पोरी तुमच्या, रस्ता तुमचा, आन् मरायचं बी तुमच्याच पोरींनी का?"

 सुमनताईंनी आधी स्वतःच्या बांधाची पट्टी दिली. मग बाकीच्यांना नाही म्हणणं जडच गेलं.

*

काम सुरू झालं. मे महिन्यात पहिला टप्पा पुरा झाला, काँक्रीट वाळलं. सकाळी मी बघायला गेले, तर वाट कुठं दिसेचना! टोकापासून टोकापर्यंत भुईमुगाच्या शेंगा पसरलेल्या!

"कुणाच्या आहेत या?" मी ओरडले.

"माझ्याच हायेत," मागून सुमनताई आल्या. "असं सपाट, सवच्छ खळं आख्ख्या तालुक्यात नाय बघा. मॅडम, काम लय भारी केलं तुम्ही!"

आता स्तुतीवर रागवायचं कसं? साहेबांना फोन लावला. साहेब तणतणत आले, गाडीतून उतरले, दोन शेंगा फोडून तोंडात टाकल्या. तासाभरानं गेले तेव्हा गाडीत मागं शेंगांची पिशवी होती. मला म्हणाले, "वाळू द्या. दोन दिवसांचा प्रश्न आहे."

*

पाट्या रंगवायचं काम गावातल्याच पेंटरला दिलं. सांगितलं होतं, एका पाटीवर चालणारा माणूस आणि दुसरीवर सायकल. माणूस छान काढला, फेटाबिटा घालून. दुसऱ्या पाटीवर मोटारसायकल! सायलेन्सर, आरसे, वर नंबर प्लेटसुद्धा.

"अहो, सायकल सांगितली होती ना!"

"काढली व्हती मॅडम. पण लय बारीक दिसायला लागली. म्हटलं, जरा वजनदार करावी."

तो बोर्ड बघून दुधवाले खुशाल आत शिरायला लागले. पुन्हा रंगवून घेतला. माझा तर जीव टांगणीला लागलेला आणि शाळा उघडायला आठवडा उरलेला.

*

पण वाट वेळेत झाली बरं का! शाळा उघडायच्या दिवशीच उद्घाटन ठेवलं. मंडप घातला. वस्तीच्या टोकाला लाल फीत बांधली, एका बाजूला पाण्याची चारी, दुसऱ्या बाजूला लोखंडी रेलिंग. पल्लवी दोन वेण्या घालून सायकल घेऊन सगळ्यात पुढं. मागं वस्तीतल्या आणखी पोरी.

आणि उद्घाटनाला येणाऱ्या बड्या पाहुण्यांच्या पीएचा फोन आला. "साहेबांना आज जमत नाही. एक-दोन दिवसांत येतील. फीत तशीच राहू द्या."

डेप्युटी साहेब घामाघूम झाले. "उद्घाटनाआधी वापर नाही. सगळ्यांनी घरी जा."

"साहेब, आज शाळेचा पहिला दिवस आहे!" मी म्हटलं.

"माझ्या हातात काय आहे मॅडम?"

त्यांच्या हातात कात्रीचं ताट होतं! मी कात्रीकडं हात केला, तर साहेबांनी ताट पाठीमागं धरलं. मला रडूच कोसळायचं बाकी होतं. पल्लवीनं सायकल मागं वळवायला घेतली. ट्रकच्या रस्त्यावर बाप सोडणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

तेवढ्यात देवरामभाऊ मंडपातून पुढं आले. साहेबांकडं बघितलं नाही, माझ्याकडं नाही. शेताच्या कुंपणाची तार उचलतात तशी त्यांनी एका हातानं फीत वर धरली.

"जा गं," ते म्हणाले. "वाकून जा."

पल्लवी वाकली आणि गेली. तिच्या मागं दुसरी, मग तिसरी. डेप्युटी साहेब तोंड फिरवून चारीतलं पाणी बघत उभे राहिले. माझे डोळे भरून आले, आणि ते सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही.

*

पीए रोज म्हणायचा, "उद्या नक्की." म्हणून फीत सोडता येईना. पावसानं ती भिजायची, वाळायची, फिकी पडली की शिपाई नवी बांधायचा. आणि पोरींनी तर कमालच केली. आधी उतरून वाकायच्या. मग सायकलवरूनच, वेग कमी न करता, हँडलवर मान टेकवून फितीखालून सुळकन निघायला शिकल्या. असं करत पहिली चाचणी परीक्षासुद्धा उरकली!

शेवटी एकदाचे पाहुणे आले. हार झाले, भाषण झालं, फीत कापली. फोटोवाल्यानं कॅमेरा सरसावला. पाहुणे वाटेच्या कडेला हात जोडून उभे राहिले.

वस्तीकडून पोरी आल्या. पल्लवी पुढं. फितीच्या जागेवर आली आणि तिची मान खाली गेली. मागचीची गेली. तिच्या मागचीची गेली. एकेक पोरगी त्याच ठिकाणी मान खाली घालून, वेग कमी न करता पुढं.

डेप्युटी साहेब माझ्याकडं बघेनात, मी त्यांच्याकडं बघेना. सुमनताईंनी तोंडाला पदर लावला.

 पाहुण्यांनी आशीर्वादाचा हात वर केला तो शेवटची पोरगी जाईपर्यंत खाली घेतला नाही. मग माईक मागवला आणि म्हणाले, "बघा! याला म्हणतात संस्कार! कुणी सांगितलं होतं का या मुलींना?"