काश्याच्या दोन थापा

या सदरातले अनुभव मी आजवर टवाळी करायलाच वाचत आलो. भूतबीत काही नसतं, हे माझं मत आजही आहे... म्हणजे बहुतेक आहे. पण २००६च्या दसऱ्याला वळ गावात जे झालं, ते कोणत्या खात्यात टाकायचं हे मला अजून कळलेलं नाही, म्हणून लिहितोय.

भिवंडीजवळ शेलारला माझं गॅरेज आहे. डेंटिंगचं काम – पोचे काढायचे, सडलेला पत्रा कापून नवा बसवायचा. त्या उन्हाळ्यात बाळाराम शेट आला. वळला शेतात गोडाऊनं बांधून मोठा झालेला माणूस. त्याला आपला पहिला ट्रक, पुढे लांब बोनेट असलेला जुना नाकवाला, नव्यासारखा करून गोडाऊनसमोर दिमाखात उभा करायचा होता. "ह्यानीच मना मोठा केला," म्हणाला.

याच ट्रकने माझ्या वडिलांचा जीव घेतला होता. काशिनाथ त्यांचं नाव, शेटचे क्लीनर. तेव्हा शेट स्वतःच ट्रक चालवायचा. रिव्हर्स घेताना वडील ट्रक आणि भिंतीच्या मध्ये सापडले. मी दुसरीत होतो. शेटने पोलिसांना सांगितलं आणि गावभरही सांगितलं – काश्या डुलक्या काढत होता, थाप मारलीच नाही. आमच्या दिघाशी गावात पोरं मला डुलक्याचा पोर म्हणायची. आई म्हणायची, "तुजा बापूस उभ्या उभ्या झोपनारा न्हवता." पण तिचं ऐकतंय कोण!

थाप म्हणजे काय ते सांगतो. ट्रक मागे घेताना क्लीनर मागच्या पत्र्यावर हात मारतो. सावकाश एकेक थाप पडत राहिली, तर येऊ दे. लागोपाठ दोन जोरात पडल्या, तर थांब. आरशात मागचं दिसत नाही, त्यामुळे ड्रायव्हरचे डोळे म्हणजे तो हातच.

मग हे काम मी घेतलं का? कारण शेटने मला ओळखलंच नाही. काश्याला एक पोर होतं आणि ते मोठं झालं असेल, हे त्याच्या डोक्यातही नव्हतं. त्या रागानेच घेतलं. म्हटलं, बघू तरी हा ट्रक.

हौद्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर, छातीच्या उंचीला, पत्रा तळव्याएवढा आत बसलेला होता. वर्षानुवर्षं एकाच जागी हात पडून. मी तिथे माझा तळवा ठेवून बघितला... खूप वेळ तो तिथून काढवला नाही. शेवटी तो सडका भाग कापला, नवा पत्रा वेल्ड केला, ठोकून सरळ केला, पुट्टी भरली, घासली, रंग मारला. हात फिरवला तर कुठे उंचसखल लागत नव्हतं.

दसऱ्याला भर दुपारी ट्रकला झेंडूचे हार चढले. शेट हौसेने स्वतः स्टेअरिंगवर बसला. फोटोसाठी ट्रक गोडाऊनच्या भिंतीला लावायचा होता. सगळी माणसं पुढे फोटोवाल्याजवळ, मी ड्रायव्हरच्या दाराशी. मागे कोणी नव्हतं, हे शपथेवर सांगतो. ट्रक मागे जायला लागला आणि पत्र्यावर थाप पडली. सावकाश. मग आणखी एक. मला वाटलं, गेलं असेल कोणी मागे. आणि मग लागोपाठ दोन – इतक्या जोरात की ढोलवाला वाजवायचा थांबला.

शेटने कचकन ब्रेक मारला. तोंडावरचा रंग उडालेला. "काश्या..." तो पुटपुटला. "त्या दिशीपन अशाच दोन मारल्या व्हत्या त्यानी."

"म्हणजे ऐकू आल्या होत्या, शेट?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तू कोनाचा रं?"

"काशिनाथचा."

तो खाली उतरला आणि लोकांना हसून म्हणाला, "ऊन लय हाय आज." थापा सगळ्यांनी ऐकल्या होत्या, त्याचं बोलणं मात्र एकट्या मी.

मी मागे गेलो. भिंत आणि ट्रकच्या मध्ये एक माणूस उभा राहील एवढीच जागा उरली होती. आणि कोपऱ्यावरचा माझा नवा पत्रा तळव्याएवढा आत गेलेला. पत्रा असा बसला की वरची पुट्टी तडकतेच. इथे साधा चरासुद्धा नव्हता. उन्हाने पत्रा वाजतो, हे मला कोणी शिकवायला नको, पण तो एवढा शहाण्यासारखा वाजत नाही. यापुढे माझी अक्कल चालत नाही.

शेटने तो पत्रा दुसऱ्या गॅरेजमधून बदलून घेतला. काश्या झोपला होता, असं तो अजूनही सांगतो.

त्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, रडेल. ती आपट्याची पानं निवडत होती, ती निवडतच राहिली. मग विचारलं, "थापा आयकून थांबला तो?"

"हो. जागच्या जागी."

"म्हंजे थांबता येत व्हता त्याला," आई म्हणाली.