नाल्याकाठी पुरलेलं

माझ्या मोठ्या जावेला सगळा गाव अक्का म्हणतो. शिरपूरच्या या बाजूला केळी भरपूर. घड उतरवला की खोड तोडून बांधावर टाकतात आणि ते तिथेच सडतं. अक्काने त्या खोडातून धागा काढायचं मशीन आणलं आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्हा बायकांना घेऊन अडचणीच्या दिवसांचे पॅड बनवायला लागली. आत केळीचा धागा कुटून केलेला मऊ थर, वर सुती कापड, खाली मक्यापासून बनवलेला पातळ पडदा. हा पडदा हाताला प्लास्टिकसारखा लागायचा, पण मातीत जिरून जातो असं अक्का सांगायची.

मला ते काम आवडायचं. मशीनच्या आवाजात कोणाशी बोलावं लागत नसे आणि बोलले नाही तरी कोणाला राग येत नसे.

नाशिकची एक कंपनी आमचा माल मोठ्या दुकानांत ठेवायला तयार झाली. त्यांची अट एकच होती. पॅड आत्ता मातीत पुरून ठेवा, पावसाळा संपल्यावर आम्ही स्वतः येऊन उकरून बघू. जिरले असतील तर माल कायमचा घेऊ. आमचं शेड त्यावरच चालणार होतं.

पुरायला हातभर जागा हवी होती. अक्काने आधी सासऱ्यांना विचारलं.

"आबा, बागना कोपरामा पुरू का?"

"देवना निवदले जातस त्या बागनी केळी. तठे नही."

"पॅड कोरा शेतस ना आबा, कोनी वापरेल नहीत."

"कोरा ऱ्हाऊ दे. वस्तू तीच शे ना?"

अक्काच्या भावाने फोनवर सांगितलं, ताई, दुसरं काहीही माग. शेजारच्यांनी ऐकून घेतलं आणि विषय बदलला. शेडमध्ये एक म्हातारी म्हणाली, "मसनमा पुरा. तठला कोनी नही म्हननार नही." आम्ही खूप हसलो. अक्कापण हसली.

शेवटी नाल्याचा काठ उरला, कारण तो कोणाच्याच मालकीचा नव्हता. त्या काठाला बायकाच जातात. दुकानातले पॅड वापरून झाले की कागदात गुंडाळून पहाटे तिथल्या मातीत लोटायचे, हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे आणि एकाही पुरुषाला माहीत नाही. अक्काने त्या जागेपासून लांब, बोरीच्या झाडाखाली आमचे पॅड पुरले आणि खूण म्हणून काठी रोवली. पावसाळ्यात नाल्याला पूर आला. काठी गेली, बोरीचं झाडही आडवं होऊन वाहून गेलं आणि काठ ओळखू येईना.

नाशिकहून एक मॅडम आणि एक साहेब आले. गाडी बघून आबा आणि गल्लीतले चारपाच पुरुषही मागून आले. आम्ही अंदाजाने उकरलं. साहेबांनी काडीने एक पॅड वर काढलं. निळसर, चिखल लागलेलं, पण जसंच्या तसं.

"हा तुमचा मक्याचा पडदा का?" मॅडमनी विचारलं.

आम्ही सगळ्यांनी बघताक्षणी ओळखलं. त्याला बाजूने पंख होते, आमच्याला कधीच नव्हते. ते दुकानातलं होतं.

"की गावातलं दुसऱ्या कोणाचं आहे? इथे कोणी टाकतं का?"

आबा पुढे झाले. "आठे कोन टाकस? खाले आपला ढोरं पानी पेतस!"

आम्हा सगळ्या बायकांचे पदर पुढे आले. अक्काने एकेकीच्या तोंडाकडे बघितलं, माझ्याकडेही. मग ती मॅडमना म्हणाली, "दुसऱ्या कोणाचं नाही मॅडम, आमचंच आहे. पडदा चांगला नाही निघाला."

मॅडम चांगल्या होत्या. चहा घेतला, पुढे कधीतरी बघू म्हणाल्या. नंतर त्यांचा फोन आला नाही. हळूहळू बायका निंदणीला, कापूस वेचायला जाऊ लागल्या. मशीनवर आता ताडपत्री आहे.

हिवाळ्यात मी एकटीच काठावर गेले. पाणी आटलं होतं, बोरीचं तुटलेलं मूळ दिसत होतं. तिथे खुरप्याने उकरलं. काळी माती आणि शिवणीचा थोडा दोरा, एवढंच होतं. बाकी सगळं जिरलं होतं. मी धावतच अक्काकडे गेले.

ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला नाही.

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली.

"मंग तवाच सांगाले पाहिजे व्हतं ना अक्का."

"कोनं नाव लेऊ? तुनं?" ती हसली. "आबानी तुले घरमा ऱ्हाऊ दिधं अस्तं का?"

मी खाली बसले आणि तिच्याबरोबर शेंगा सोलल्या.

अक्का आता पॅडचा विषय काढत नाही. आबा कधीकधी जेवताना म्हणतात, मोठी सूननं मशीन फुकट गेलं, मालच खराब व्हता. अक्का त्यांना भाकरी वाढते. मी समोरच असते. नाशिकची माणसं आली त्या दिवसापासून नाल्यावर कोणी काही टाकत नाही. कोण कुठे टाकते ते एकमेकींना आम्ही विचारत नाही.