शेवटच्या परिच्छेदावरचा हात

गोव्यातल्या नार्वे गावच्या फेरीबोटीत भेटणारे एक मास्तर मुलांचे निबंध तपासताना शेवटचा परिच्छेद तळहाताने झाकून घेत. गोवा घटक राज्य झालं, त्या सोहळ्यासाठी लिहिलेलं माझं भाषण मी त्यांना दाखवलं. शेवटी भाषेचा अभिमान बाळगण्याचं आवाहन होतं. त्याच्या आधी, तिन्हीसांजेला कोंबड्यांना हाका मारणारी आई. बोट नदीतून सरकत होती. त्यांनी आवाहनावर हात ठेवला.

"शेवट हांगाच जालो. फुडें नुसतो उपदेस."

"मग लोक टाळ्या कधी वाजवणार?" मी जरा घुश्शातच विचारलं.

संध्याकाळी सोहळ्यात मी आईच्या हाकेपाशीच थांबलो. टाळी वाजली नाही. मास्तरांच्या रांगेतली एक म्हातारी "कोंबयो धांपूंक जाय", कोंबड्या झाकायला हव्यात, असं पुटपुटत उठली. मास्तरांनी पाय आवरून तिला वाट दिली.