नव्या वरईचं पहिलं ताट

आश्विन वद्य एकादशी, शुक्रवार. मुक्काम भंडारदरा. हजर: मी, माझे यजमान, मुलगी मुक्ता (वय वीस) आणि सासूबाई (वय शहात्तर).

ही वरची ओळ मी दुसऱ्या दिवशी पुरी केली. त्या दिवशी सकाळी वहीत फक्त तारीख लिहिली होती, तिथी लिहिली नव्हती. सगळा घोळ तिथेच झाला.

थोडं मागचं सांगते. चैत्रात माझे सासरे गेले. त्यांच्यासाठी मी देवाकडे जे मागितलं ते मिळालं नाही, आणि तेव्हापासून देवाशी माझं बोलणं बंद होतं. दिवा लावत होते, पण दूधवाल्याच्या पिशव्या आत घ्याव्यात तसा. सासूबाईंनी तर जेवणच सोडल्यासारखं केलं. अर्धी पोळी, दोन घास भात, की ताट बाजूला. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, त्यांना खावंसं वाटलं पाहिजे. असंच चालू राहिलं तर मात्र अंथरूण धरतील. खावंसं वाटण्याचं औषध कुठल्या दुकानात मिळतं ते काही त्यांनी सांगितलं नाही. मी आवडीच्या पदार्थांचा तक्ता करून फ्रिजवर लावला. काही उपयोग झाला नाही.

दिवाळीआधी चार दिवस डोंगरातल्या वाड्यांतून पायी फिरायचं ही कल्पना मुक्ताची. आजी खोलीवर बसून धरणाचं पाणी बघेल असं ठरलं होतं, पण निघायच्या आदल्या दिवशी त्याच म्हणाल्या, मीसुद्धा चालेन. सहा महिन्यांत त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. मी लगेच वही काढली. रोज तीन-चार किलोमीटरच, तेही सकाळी. शेवटच्या वाडीवर जीप येऊन थांबणार. छत्री, काठी, बीपीच्या गोळ्या, खाली बसायला घडीचं स्टूल. खायला धपाटे, चकली, शेव आणि बेसनाचे लाडू. यजमान म्हणाले, "लढाईला निघालोय का आपण?" मी म्हटलं, पाठीवर घ्या आणि चला.

शुक्रवारी साडेसातला निघालो. भात पिवळा पडत आला होता, उतारांवर नाचणी आणि वरईची कापणी चालू होती. पहिल्या वाडीपर्यंत सासूबाई छान चालल्या. मुक्ताला दव पडलेली कोळ्यांची जाळी दाखवत होत्या. दुसऱ्या वाडीच्या वाटेवर मात्र साडेदहाच्या सुमारास त्या एका बांधावर बसल्या त्या उठेनात. ओठ कोरडे, हात थंड. यजमानांनी लाडू पुढे केला, त्यांनी मान हलवली. धपाटा, नको. मुक्तानेच विचारलं, "आजी, आज एकादशी आहे का गं?"

होती. आदल्या रात्रीही त्यांनी नुसतं दूध घेतलं होतं आणि सकाळी चहा. दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत ही एकादशी माझ्या डोक्यातून साफ गेली होती. पोटात काही नसताना तीन तास चढ-उतार, आणि माझ्या पिशव्यांत उपासाला चालेल असं काहीच नाही. मी चिडून विचारलं की सांगितलं का नाही. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुझी यादी झाली होती ना. मग मी कशाला मध्ये बोलू?"

ते वाक्य मला फार लागलं. माझ्या यादीत त्या होत्या, पण काठी आणि छत्रीच्या रांगेत. मीठ-साखरेचं पाणी केलं, त्यांनी दोन घोट घेतले आणि पुरे म्हणाल्या. मोबाईलला रेंज नव्हती. जीप दोन किलोमीटर पुढे, आणि या वाटेवर ती येणं शक्य नव्हतं. यजमान म्हणाले, पाठुंगळी घेतो. त्या म्हणाल्या, पडलास तर दोघांना कोण उचलणार? त्यांनी डोळे मिटले आणि पुटपुटल्या, "मला इथंच बसू दे. आता बरं वाटतंय." त्या बरं वाटण्याची मला भीती वाटली. सहा महिने मी ज्याला धरून ठेवत होते ते हातातून सुटतंय असं वाटलं. वहीत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. कितीतरी दिवसांनी मी मनात बोलले. मागितलं काहीच नाही. एवढंच म्हटलं, मला कळत नाही, आता तू बघ.

वरच्या खाचरातून एक बाई उतरत आली. चाळिशीची असेल, कमरेला विळा खोचलेला. पाणीबिणी काही विचारलं नाही. सरळ म्हणाली, "जेवाया चला."

यजमान म्हणाले, आईचा उपास आहे. ती म्हणाली, "मंग बरंच हाय की. वरईच शिजवली हाय."

त्यांच्या घरची एक रीत होती. खळ्यावरची नवी वरई पहिल्यांदा शिजली की पहिलं ताट परक्या माणसाने जेवायचं, मग घरच्यांनी. सकाळपासून ती वाटेकडे बघत होती. सगळी माणसं आपापल्या रानात, वाटेला कुणी फिरकेना. घरात दोन मुलं आणि सासरा भुकेले बसले होते. "म्हातारा म्हनला, कोन येनार हाय, वाढ. म्या म्हनलं, ज्यानं पिकवली त्यो खानारा बी धाडंल." एकादशीचं तिला ठाऊकही नव्हतं, त्यांच्यात कुणी करत नाही.

तिने आणि मुक्ताने धरून सासूबाईंना वर नेलं. घर शंभर पावलांवर होतं, बांधाच्या आड, म्हणून दिसलं नव्हतं. मऊ वरई, वर दूध, चिमूटभर मीठ. आमच्या सासूबाई सख्ख्या बहिणीकडेसुद्धा उपासाचं खात नाहीत, भांड्याला कांद्याचा वास असेल म्हणून. त्या दिवशी त्यांनी भांड्याकडे पाहिलं नाही. पहिला घास घेतला, थांबल्या, मग हळूहळू ताट रिकामं केलं. आणि रिकामं ताट त्या बाईपुढे धरून म्हणाल्या, "अजून थोडी वाढ गं."

मी चुलीकडे तोंड फिरवलं. धूर होता, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

म्हातारे बाबा ओट्यावरून म्हणाले, "आता आमाला बी वाढा म्हनावं. आमी कवापासून बसलोय." सासूबाई हसल्या. मग आम्ही सगळेच जेवलो. निघताना मी पैसे काढायला गेले, तर त्या बाईने माझा हात पर्समध्येच दाबून धरला. "तुमी आला म्हनून पोरं जेवली," ती म्हणाली, आणि ओंजळभर नवी वरई फडक्यात बांधून सासूबाईंच्या हातात दिली. घरी शिजवा, पण रीत मोडू नका, म्हणाली.

हा चमत्कार होता की नाही यावर मी यजमानांशी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं की आपण हात टेकले तरी जग चालू असतं, आणि कुठेतरी आपल्यासाठी आधीच चुलीवर काही ठेवलेलं असतं. याद्या मी अजूनही करते. पण पानाच्या वर आता तिथी लिहिते, आणि सासूबाईंना विचारून लिहिते.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. गॅसवाला घाईत होता, कुरिअरवाला लाजला, शेजारच्या काकूंना सासूबाईंनी परकं मानायला नकार दिला. रोज सकाळी त्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि जिन्यात पाऊल वाजलं की आत वळून मला सांगतात, पातेलं चढव. वरई अजून शिजायची आहे.