लेकीच्या डब्यातली भाकरी

मला राग लवकर येतो. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, ऑफिसात अर्ध्या लोकांना माहीत आहे, आणि आता लेकीच्या शाळेलाही माहीत झालंय.

शाळा इंग्रजी माध्यमाची, हर्सूलच्या बाजूला नवीन झालेली. लेक तिसरीत. जुलैत पालक सभेला गेले तर प्रत्येकाच्या हातात एक लॅमिनेट केलेला रंगीत कागद दिला. वर सफरचंदाचं चित्र, खाली आठवड्याच्या 'हेल्दी' डब्याचं वेळापत्रक. सोमवारी सँडविच, मंगळवारी इडली, बुधवारी पास्ता, गुरुवारी परत सँडविच पण ब्राउन ब्रेडचं, शुक्रवारी पोळीचा रोल. सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की उग्र वासाचे पदार्थ डब्यात देऊ नयेत. मी कागद दोनदा वाचला. भाकरीचं नावसुद्धा नाही! शाळेच्या कंपाउंडला लागून ज्वारीचं शेत, आणि आत पोरांना पास्ता हेल्दी म्हणून शिकवायचा. डोक्यात तिडीक गेली. पण मी गप्प बसले. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर मी काय काय बोलले ते सगळ्यांच्या लक्षात आहे, तेव्हा गप्प बसले होते हे कुणाच्याच लक्षात नाही.

माझ्या लेकीला खाण्याचे नखरे कधी नव्हते. शेजारच्या बाया पोरांच्या मागं वाटी घेऊन जिन्यात धावायच्या, आणि आमची ओट्याजवळ स्टूल ओढून भाकरी फुगायची वाट बघायची. तव्यावरची उतरली की वरचा पापुद्रा तिचा. त्यात मेथीची भाजी, नाहीतर अंबाडीची, वर शेंगदाण्याची चटणी. अंबाडी आंबट, मोठी माणसं तोंड वाकडं करतात, ही बोटं चाटायची. भाकरी थापताना एक छोटा गोळा तिला द्यावा लागायचा. ती तिची वेडीवाकडी भाकरी थापायची, आणि स्वतः थापलेली म्हणून आधी तीच खायची. पोरांना चांगलंचुंगलं खायला कसं शिकवावं यावर मला कुणाचं भाषण ऐकायची कधी गरज पडली नव्हती.

वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं आणि आमच्या घराला दृष्ट लागली. सकाळी साडेपाचला उठून मी पास्ता उकडत बसले. ती डबा न्यायची आणि जसाच्या तसा परत आणायची. ब्रेड ओला झालेला, पास्ता थिजलेला. 'का नाही खाल्लंस?' तर 'भूक नव्हती.' रोज भूक नाही! मी ओरडले, समजावलं, मोबाईल बंद केला. एकदा तर संध्याकाळी तोच पास्ता समोर ठेवला आणि संपवल्याशिवाय उठायचं नाही म्हणून बसवलं. ती रडत बसली, मी चिडून बसले. आणि घरी आल्यावरसुद्धा भाकरी नको झाली. 'मला पोळीच पाहिजे.' बरं, पोळी दिली तर अर्धी टाकायची. यांची वाळूजला कंपनीत शिफ्ट असते, हे आपले घरी आल्यावर म्हणायचे, "अगं, वयच तसं असतंय. खाईल." वय! पोरीचा फ्रॉक अंगावर लोंबायला लागला होता.

दिवाळीनंतर ती पायऱ्या चढताना मध्येच बसली. म्हणाली, "मम्मी, दम लागला." दुसऱ्या मजल्यावर! आठ वर्षांच्या पोरीला! दुसऱ्याच दिवशी औरंगपुऱ्यात डॉक्टरांकडं नेलं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन लई कमी निघालं. डॉक्टरांनी औषध लिहिलं आणि म्हणाले, "ताई, ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, हे द्या हिला. ब्रेडबिड बंद करा."

मला तिथंच हसू आलं, तेही रागाचं. म्हणजे जे घरात होतं, जे पोरगी आवडीनं खात होती, तेच मी एका लॅमिनेट केलेल्या कागदापायी बंद पाडलं, आणि आता तेच औषधाच्या चिठ्ठीवर लिहून मिळालं. खुर्चीवर लेक पाय हलवत बसली होती. तिच्या पापण्यांच्या आतला भाग डॉक्टरांनी मला ओढून दाखवला होता, पांढराफटक.

सोमवारी अर्धी रजा टाकली आणि शाळेत गेले. वर्गशिक्षिका तरुण, गोड बोलणारी. मी तिच्यापुढं कागद टाकला. म्हटलं, "हे वेळापत्रक कोणी केलं? पास्ता कुणाच्या घरी शिजतो रोज? तुमच्या?" ती म्हणाली, "मॅडम, आम्ही फक्त सजेस्ट करतो." मी म्हटलं, "सजेस्ट? तुम्ही उग्र वास लिहिलंय. कशाचा वास? लसणाचा? मेथीचा? वरणाला फोडणी घरी देत नाही का तुम्ही?" माझा आवाज वाढला, शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीतून बघायला लागली. शेवटी मुख्याध्यापिका बाई आल्या. त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की भाकरीला कधीच बंदी नव्हती, खुशाल द्या, उलट पुढच्या महिन्यात आम्ही 'मिलेट डे' करतोय.

मिलेट डे! म्हणजे ज्वारी म्हटलं की वास येतो, मिलेट म्हटलं की बॅनर लागतो. पण मी जिंकून आले होते. घरी येताना मंडीतून ताजी ज्वारी घेतली, गिरणीवर उभं राहून दळून आणली. पीठ जुनं झालं की भाकरी चिरते, आणि ताज्या पिठाची असली तरी डब्यात दगड होते. म्हणून पाण्याऐवजी दुधात पीठ मळलं आणि दशम्या केल्या, तळहाताएवढ्या. आमच्याकडं प्रवासाला दशमीच बांधून देतात, दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहते. सोबत मेथी, गुळाचा खडा, शेंगदाणे. लेकीनं डबा बघितला, झाकण लावलं आणि दप्तरात टाकला. संध्याकाळी डबा रिकामा! मला एवढा आनंद झाला की ह्यांना फोन करून सांगितलं. आठवडाभर डबा रोज रिकामा. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले, पोरांना कसं खायला घालायचं ते मला विचारा म्हणून.

मिलेट डेच्या दिवशी मुद्दाम जास्त दशम्या दिल्या. दुपारी वर्गशिक्षिकेचा फोन. पहिलं बक्षीस ज्वारीच्या पिझ्झाला मिळालं, हे तिनं आधी सांगितलं. मी म्हटलं, "मिळणारच." मग ती अडखळत म्हणाली, "मॅडम, एक विचारायचं होतं. तुमच्याकडं कामाला मावशी आहेत ना, त्यांचा डबा रोज चुकून मुलीच्या बॅगेत येतोय का? ती मुलांना तसं सांगते. आणि ते सगळं ती रोज मधल्या सुट्टीत आमच्या झाडणाऱ्या मावशींना देऊन टाकते. आज मावशीच म्हणाल्या मला, लेकरू उपाशी राहतंय म्हणून."

आमच्याकडं कामाला कुणीही नाही. भांडी मी घासते, फरशी हे पुसतात.

घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. शाळेवर, त्या पोरांवर, सगळ्यांत जास्त हिच्यावर. दार उघडल्या उघडल्या मी सुरू झाले. "खोटं बोलतेस? आईच्या हातच्या भाकरीला कामवालीची म्हणतेस? आणि कामवाली असली तरी तिची भाकरी काय वाईट असती का गं? कोण शिकवलं तुला हे? सांग, कोण शिकवलं?"

ती दप्तर छातीशी धरून उभी होती. मला घाबरली होती, पण खोटं बोलत नव्हती. म्हणाली, "तूच."

"मी?"

"तुझे साहेब आणि त्यांची बायको आपल्याकडं जेवायला आले होते ना मे महिन्यात. तू भाकरीची टोपली उचलून बेडरूममध्ये ठेवली. नेताना त्या काकूंना दिसली. त्या म्हणाल्या, अय्या, भाकरी खाता वाटतं. तू म्हणालीस, नाही नाही, कामवाल्या बाईसाठी टाकली."

माझा हात वर गेलेला होता, तो मी खाली घेतला. मला ते वाक्य आठवलंच नव्हतं. तोंडातून किती सहज निघून गेलं असेल!

आता खरं सांगायचं तर हे वाक्य माझ्याही आधीचं आहे. माझ्या आजीनं गावात दुसऱ्यांच्या दारात उभं राहून, लांबून पदरात टाकलेली शिळी भाकरी आणून पोरं वाढवली. बाबासाहेबांच्या मागं समाज उभा राहिला, आमच्या लोकांनी धम्म घेतला, तसलं मागून आणणं बंद केलं. वडील शिकले, शहरात नोकरीला लागले, आणि पहिल्या पगाराला त्यांनी गव्हाचं पोतं आणलं. आमच्याकडं पाहुणा आला की पोळीच. वडिलांचं मला समजतं. त्यांनी ते पोतं मान वर करून आणलं होतं. पण माझ्या दारात तर माझ्याच कष्टाची, माझ्याच हातची गरम भाकरी होती, आणि ती मी पलंगाच्या मागं लपवली. मग पोरीनं काय करायचं होतं?

लेक हळूच म्हणाली, "आणि तू तर ऑफिसला रोज पोळीच नेतीस."

अकरा वर्षं झाली नोकरीला. एक दिवस भाकरी नेली नाही मी.

दुसऱ्या दिवशी दोन डबे भरले, दोन्हींत दशमी आणि अंबाडी. तिच्यासमोर भरले. ती माझ्या डब्याकडं बघत राहिली. म्हटलं, "आज दोघींनी खायची. कुणी काय म्हणलं ते संध्याकाळी एकमेकींना सांगायचं." तिनं तिचा डबा उचलला आणि बूट घालायला गेली.

ऑफिसात एक वाजला. आम्ही सहाजणी एका टेबलावर बसतो. मी डब्याच्या झाकणाला हात लावला आणि माझा हात अडला. शाळेत जाऊन आवाज चढवणारी मी, मुख्याध्यापिकेला ऐकवणारी मी! शेवटी काय केलं, तर फाईल बघायची आहे म्हणून डबा घेऊन माझ्या टेबलावर आले आणि भिंतीकडं तोंड करून जेवले. डबा संपवला, पण भिंतीकडं तोंड करून.

संध्याकाळी ती दारातच उभी. बूटही काढले नव्हते. "खाल्ली?"

"खाल्ली."

"सगळ्यांसमोर?"

खोटं बोलावं असं एक क्षण वाटलं. मग म्हटलं, "नाही. एकटी बसून."

तिनं डबा उघडून दाखवला. रिकामा होता. "मीपण खाल्ली," ती म्हणाली, "झाकण असं आडवं धरून."

मला लई राग आला. इतके महिने तो शाळेवर काढत होते, डॉक्टरांपुढं काढला, पोरीवर काढला. आता तो कुणावर काढायचा हे मला नीट कळत होतं. मी म्हटलं, "उद्या मी टेबलावर मधोमध डबा उघडणार. तूपण झाकण बाजूला ठेव."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

"आधी तू," ती म्हणाली. "ऑफिसातून फोन कर. मग मी परवा ठेवते."