दगडी चर्चमधला आमचा गणपती

मंडळाचे किस्से कुणी साठवत नाही, ते साठतात. कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे. आमचे सगळे साठले ते एका चर्चमध्ये.

ऐंशीच्या दशकात व्हर्जिनियात आम्ही मोजकी मराठी कुटुंबं. गणपतीला हॉल परवडेना, तेव्हा हे चर्च मिळालं. कुणा श्रीमंताने जुन्या इंग्लंडमधल्या खेड्यातल्या चर्चसारखं हुबेहूब बांधलेलं: जाड दगडी भिंती, ओकची बाकं, दारापुढे दगडी कट्ट्यांचं पोर्च. देखभालीला म्हातारा हॅरल्ड आणि त्याची बायको मार्गारेट.

पहिल्याच वर्षी आम्ही त्या कट्ट्यांवर चपला-बूट ओळीने काढून ठेवले. अंगणात चर्चच्या मदतीसाठी दान आलेल्या जुन्या वस्तूंचा सेल चालला होता. आरती करून बाहेर आलो, तर हॅरल्ड म्हणाला, "तुमच्या लोकांनी फार उदारपणे दिलं. अर्धे विकले गेलेसुद्धा." डॉक्टर देवकाका नुसत्या मोज्यांवर ड्राइव्ह करत घरी गेले.

मग पंगत. बाकांखाली, प्रार्थनेच्या वेळी गुडघे टेकायला, भरतकाम केलेल्या उशा होत्या. आमच्या बायकांनी त्या पाट म्हणून मांडल्या. एकीवर वरण सांडलं, आणि नेमकी ती मार्गारेटने भरलेली. देवकाकांच्या पुष्पाकाकू माफी मागू लागल्या. "राहू दे," मार्गारेट म्हणाली, "आमच्यात आता गुडघे वाकणारं उरलंय कोण?" आम्ही हसलो. हसायला नको होतं.

वेदीजवळच्या कोनाड्यात भोक असलेलं दगडी बेसिन होतं. "इथलं पवित्र पाणी गटारात जात नाही, थेट खालच्या मातीत जातं," हॅरल्डने सांगितलं. काकूंनी उरलेलं तीर्थ लगेच तिथे ओतलं. "अपार्टमेंटच्या सिंकमध्ये ओतताना जीव खालीवर व्हायचा हो," त्या म्हणाल्या.

पुढे चर्चला येणारी त्यांची माणसं संपत आली. चर्च विकण्याआधी त्यांनी आम्हालाच विचारलं. मीटिंग झाली. "पार्किंग नाही यार." "हीटिंगचं काय?" घेऊया म्हणणाऱ्या एकट्या पुष्पाकाकू. आम्ही फ्रीवेजवळचा हॉल धरला. पार्किंग भरपूर आहे. तिथला एकही किस्सा मला आठवत नाही, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

चर्च पाडायचं ठरल्यावर हॅरल्डचा काकूंना फोन आला. "गणपती हलवण्याआधी तुम्ही काहीतरी करता ना? मार्गारेट म्हणते, आमच्याकडेही करा."

मी काकूंना घेऊन गेलो. उत्तरपूजेनंतर मूर्ती जागेवरून जराशी सरकवतात. मग देव निघाला असं समजायचं. इथे मूर्ती नव्हती, वेदीची अखंड शिळा होती. काकूंनी तिच्यावर अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि दोन्ही तळव्यांनी ढकललं. मग हॅरल्डने हात लावला, मार्गारेटने लावला, मीही लावला. शिळा जागची हलली नाही.

काकू पदराने हात पुसत हॅरल्डकडे वळल्या.

"सॉरी हॅरल्ड," त्या म्हणाल्या, "ही इज नॉट गोइंग."