यूबींचं अनिष्ट नाव

यूबींना मी पहिल्यांदा फोनवर बोलताना पाहिलं, तेव्हा त्या फोनला तारच नव्हती. कुठल्याशा बंद पडलेल्या हापिसाच्या लिलावातून आणलेला काळा, जड फोन टेबलावर नुसता बसलेला असे. यूबी रिसीव्हर कानाला लावत, घसा खाकरत आणि म्हणत, "हॅलो, शीतल कूलर्स प्रायव्हेट लिमिटेड." मग पलीकडचा माणूस काय म्हणतो ते ऐकल्यासारखे थांबत, आणि रिसीव्हर ठेवून मान हलवत. "नाई जमत. शीतल म्हटलं का समोरचा म्हणन, बाईले द्या फोन."

कंपनीचं नाव फोनवर बसलं पाहिजे, हा त्यांचा नियम. त्या एका हिवाळ्यात मी अशी पन्नासेक नावं ऐकली असतील. प्रत्येक नावाला एक कागद, प्रत्येक कागदाखाली पाच कार्बन, आणि त्या सगळ्यांपुढे टाइपरायटरवर मी.

इतवारीत भांड्यांच्या दुकानांमागच्या बोळात यूबींचं कूलर बनवायचं वर्कशॉप होतं. खाली सात माणसं दिवसभर पत्रा ठोकत, वाळ्याच्या ताट्या बांधत. वर लाकडी माळ्यावर हापिस, म्हणजे यूबी, फोन आणि मी. सगळा बोळ त्यांना यूबीच म्हणे. यू म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं होतं. "उत्तम," असं म्हणून त्यांनी विषय बदलला, आणि मी विश्वास ठेवला.

मी मालवणाकडची. वडील गेले आणि नववीत शाळा सुटली. नागपूरला मावशीकडे आले, टायपिंग शिकले आणि नोकरी शोधायला लागले. पाच ठिकाणांहून 'मॅट्रिक नाही' म्हणून परत आले. यूबींनी मॅट्रिकचं विचारलंच नाही. एक इंग्रजी पत्र टाइप करून घेतलं, खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी या म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणतात, "चार चुका हायेत म्हणते सीएसाहेब. मले तं एकबी नाई दिसली. बसा." ते स्वतः चौथी शिकलेले. तेव्हा पुढे जो वैताग लिहिणार आहे, त्याच्या तळाशी उपकार आहेत, हे आधीच सांगून ठेवते. पण वैताग खरा आहे.

कंपनीचं खूळ औद्योगिक वसाहतीतल्या शेडमुळे निघालं. शेडसाठी यूबींनी अर्ज केला तो स्वतःच्या नावाने नाही, तर होऊ घातलेल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावाने. का, तर "लिमिटेड म्हटलं का साहेब लोक बसाले खुर्ची देते." शेड मंजूर झाली. अट एकच: त्या कंपनीच्या नोंदणीचा दाखला मार्चअखेर आणून दाखवायचा. इकडे इतवारीतला घरमालक ठोकाठोकीला कंटाळलेला. त्याचीही मुदत मार्चपर्यंतच. म्हणजे दाखला आला नाही तर शेड जाणार, वर्कशॉप उठणार, सात माणसं घरी बसणार आणि मला सातवं ठिकाण शोधायला लागणार. खुर्चीसाठी हे सगळं!

धरमपेठेतले सीएसाहेब एकदा माळ्यावर येऊन समजावून गेले. अर्जात तीन नावं पसंतीच्या क्रमाने लिहायची, अर्ज मुंबईला कंपन्यांच्या रजिस्ट्रारकडे पाठवायचा, नाव मोकळं आहे असं उत्तर आलं की पुढचे कागद छापायचे. "नाव ठरवणं म्हणजे दहा मिनिटांचं काम आहे," असंही म्हणाले. सीएसाहेब हुशार, पण त्यांनी यूबींना ओळखलं नव्हतं.

यूबी सकाळी आले की आदल्या दिवशीचं नाव खोडून नवं नाव खडूने पत्र्यावर लिहीत. खालच्या माणसांना पत्रा म्हणजे पत्रा. एकदा ठरलेलं 'हिमालय' दुपारपर्यंत कापलं गेलं; एका कूलरवर 'हिमा' आणि दुसऱ्यावर 'लय'. यूबींना तो अपशकुन वाटला. मग पानवाल्याला विचारणं, न्हाव्याला विचारणं, समोरच्या पितळेवाल्याला विचारणं. पानवाला 'गारवा' म्हणाला की मी 'गारवा' टाइप करायचं. न्हावी म्हणाला, गारव्याने सर्दी होते, की पाचही कार्बनवर रबर घासत बसायचं. एकदा मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "साहेब, एक काहीतरी ठेवा ना!" तर म्हणाले, "अवं बाई, पोराचं नाव ठेवाले बारा दिवस लागते. हे तं कारखान्याचं हाय."

बारा दिवसांचे दोन महिने झाले. शेवटी शीतल, हिमालय आणि गारवा ही तीन नावं गेली. जी पहिल्या आठवड्यात सुचली होती तीच!

उत्तर आलं ते चार ओळींचं, इंग्रजीत. सीएसाहेब त्या दिवशी नागपुरात नव्हते. यूबी म्हणाले, "वाचा." तिन्ही नावांपुढे एकच शब्द होता: अनडिझायरेबल. मी माझा खिशातला शब्दकोश काढला. त्यात अर्थ दिला होता, 'अनिष्ट, नकोसा.' मी तसाच मोठ्याने वाचला.

यूबी उभेच राहिले. "अनिष्ट? नाव आमचं, घाम आमचा, अन् अनिष्ट म्हणणारा हा कोण?"

"सीएसाहेब आले की नीट विचारू या," मी म्हटलं.

"शिवीचा अर्थ विचाराले सीए लागते काय?"

त्या दिवसापासून हा शब्द वर्कशॉपात राहायलाच आला. चहा गोड कमी असला की अनिष्ट. खिळा वाकला की अनिष्ट. पोस्टमन उशिरा आला की, "आला बापा अनिष्ट!" खालची माणसंही एकमेकांना त्याच नावाने हाका मारायला लागली. आणि मला प्रत्येक वेळी वाटे की हा शब्द मी घरात आणला, आता हा काहीतरी करून दाखवणार.

यूबींनी दुसरी तीन नावं रागातच ठरवली. राष्ट्रीय, भारत सेंट्रल आणि अखिल हिंद. आता कोण अनिष्ट म्हणतो पाहू, असा त्यांचा पवित्रा. सीएसाहेबांनी निरोप पाठवला की सरकारी वाटणारी नावं खासगी धंद्याला देत नाहीत. यूबी म्हणाले, "काहून नाई देणार? सरकारलेच तं सगळ्यात जास्त गरमी होऊन राह्यली." पत्र गेलं. फेब्रुवारीत परत आलं, तेच चार ओळींचं, त्याच शब्दाचं. घरमालक गजाने जागा मोजून गेला. मी मावशीला म्हटलं, "गावाकडच्या तिकिटाचं बघून ठेव." मावशी म्हणाली, "अगं, एवढी नावं आहेत जगात!" तिला काय सांगणार? जगात आहेत हीच तर अडचण होती.

आणि एका दुपारी खालून हाक आली, "उकंड्या! ओ उकंड्या!"

सात हातोडे एकदम थांबले. मी माळ्यावरून वाकून पाहिलं. डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेतलेली एक म्हातारी दारात उभी होती. रामटेककडच्या गावाहून डोळे दाखवायला आलेली यूबींची माय. आणि यूबी, ज्यांना मी कधी लाजलेलं पाहिलं नव्हतं, ते कानापर्यंत लाल होऊन जिना उतरत होते. "माय, हळू बोल ना वं. लोकं हायेत."

"लोकं हायेत तं काय नाव बदलवू तुह्यं?"

तेव्हा मला यू कळला. उकंडा म्हणजे उकिरडा. आमच्याकडेही मुलं जगत नसली की दगडू, धोंडू ठेवतात; पण टाइपरायटरवर रोज ज्याचा यू मी ठोकत होते तो उत्तम नसून उकिरडा निघाला, तेव्हा माझ्या तोंडावर काय दिसलं असेल कोण जाणे. यूबी माझ्याकडे बघेनात.

मायला चहा दिला. याचं तोंड एवढं काहून उतरलं, असं तिने मला विचारलं. मी भीत भीत सगळं सांगितलं: शेड, मार्च, सहा नावं, आणि रजिस्ट्रारचा तो शब्द. मायने बशी खाली ठेवली.

"याच्याआधी माह्ये तीन पोट्टे झाले, बाई. नावं पाह्य कशी, राजाराम, मोतीराम, सोनबा. एकबी वर्साचा नाई झाला. हा झाला तं मी याले उकंड्यावर लोळवला अन् नाव बी तेच ठेवलं. उकंड्यावर कोणाची नजर जाते? पाह्य, जिना चढला का माळा हालते याच्यानं." मग लेकाकडे वळून म्हणाली, "चांगलं नाव सगळ्यायलेच पाह्यजे अस्ते बापा. तुले कुठून भेटन? अनिष्ट म्हणते ना तो साहेब? मंग अनिष्टच ठेव. तेच टिकते."

माय गावी परतली. यूबींनी दोन दिवस फोनला हात लावला नाही. त्यांनी इतक्या वर्षांत ते नाव किती कष्टाने दोन इंग्रजी अक्षरांत पुरलं होतं ते मला आत्ता दिसत होतं. मी स्वतः 'मॅट्रिक' हा शब्द आला की अशीच खिडकीबाहेर बघत असे. पण मार्च लागला होता, आणि दोन दिवसांचं मौन आम्हाला परवडणारं नव्हतं. मनातल्या मनात मी चडफडत होते की ठेवा, नाहीतर सोडा, पण बोला!

तिसऱ्या दिवशी ते वर आले. रिसीव्हर उचलला. घसा खाकरला नाही.

"हॅलो." रिसीव्हर या कानावरून त्या कानाला घेतला. "उकंडा कूलर्स प्रायव्हेट लिमिटेड."

खालून कोणीतरी फिस्सकन हसलं. "साहेब, कॉर्पोरेशनच्या कचरागाडीचा फोन येईन!"

"येऊ दे ना गा," यूबी वरूनच ओरडले. "त्यायले बी गरमी होते." आणि मला म्हणाले, "लिव्हा, बाई."

मी पहिलं नाव लिहिलं. "दुसरं?"

"दुसरं काहून?"

"तीन लिहायची असतात, साहेब. हेही नाकारलं तर? दिवस नाहीत आता. निदान एक तरी—"

"मायनं दुसरं ठेवलं होतं काय?"

मी हात जोडायचेच बाकी ठेवले होते. ऐकले नाहीत. एका नावाचा अर्ज गेला, आणि नंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. यूबी मात्र एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच शांत होते. पत्र्यावर खडू नाही, न्हाव्याचा सल्ला नाही.

उत्तर घेऊन सीएसाहेब स्वतः धावत जिना चढले. नाव मोकळं होतं. "या नावाच्या आसपाससुद्धा कोणी फिरकलेलं नाही," ते हसत म्हणाले. "पण अनिष्ट-अनिष्ट काय चाललंय खाली? अनडिझायरेबल म्हणजे कायद्यात एवढंच, की तसलं नाव आधीच कोणाचं तरी आहे, किंवा देता येत नाही. शिवी नाही ती. कोणी सांगितलं तुम्हाला?"

माळा दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. एका शब्दापायी मी दोन महिने रान उठवलं होतं. यूबींनी माझ्याकडे पाहिलं.

"त्या चार चुकांतली एक असन," ते म्हणाले. "पण साहेब, बाईनं बरोबर वाचलं असतं ना, तं माय काहीच बोलली नसती."

मग छपाई, स्टँप आणि सह्या. कंपनीच्या घटनेवर संस्थापकाने स्वतःच्या हाताने पूर्ण नाव लिहायचं असतं, वडिलांच्या नावासकट. यूबींनी जीभ दातांत धरून लिहिलं, उकंडा भिवाजी. तो एक कागद सोडला तर पुढेही कितीतरी वर्षं सगळीकडे सही यूबीच. दाखला आला तेव्हा मार्चचे तीन दिवस उरले होते.

शेडमध्ये खऱ्या तारेचा फोन आला, आणि तो उचलणं माझ्याकडे. नऊ वर्षं मी म्हणत राहिले, "हॅलो, उकंडा कूलर्स." पलीकडचा विचारी, "कोण?" मी पुन्हा सांगे. तो म्हणे, "काय?" दर उन्हाळ्यात दिवसाला तीस वेळा. फोनवर बसणारं नाव हवं होतं ना यांना! खुर्ची मात्र साहेब लोक द्यायला लागले, हे यूबी मला दर वेळी येऊन सांगत.

पुढे गावी माझी आई अंथरुणाला खिळली आणि मला कोकणात परतावं लागलं. शेवटच्या दिवशी मी स्वतःचा अनुभवाचा दाखला टाइप करून सहीला ठेवला. 'शिक्षण' या शब्दापुढे जागा मोकळी सोडली होती. तिथे काय टाइप करायचं ते मला सुचलं नव्हतं. यूबींनी पेन काढलं आणि तिथे मराठीत लिहिलं, 'लागेल तेवढं.' मग सही केली. घरी आल्यावर नीट पाहिलं. यू नव्हता, बी नव्हता. कंपनीच्या घटनेवर होतं तसं पूर्ण नाव होतं.

रत्नागिरीत एका हापिसात तो दाखला मी पुढे केला. साहेबांनी वाचला, मॅट्रिकचं काही विचारलं नाही. वरच्या छापील नावावर बोट ठेवून हसत म्हणाले, "हे उकंडा म्हणजे काय हो?"

शब्दकोश माझ्या पिशवीत होता. मी तो काढला नाही.

"टिकाऊ," मी म्हटलं. चुकलं असेल, तर ती माझी पाचवी चूक.